इंग्लंडात कोंबडी पाळावी, ती अशी

कोंबडी कुठली, खुराडं केवढं, हे प्रश्न इंग्लंडात मागाहून येतात. आधी फॉर्म. 1 ऑक्टोबर 2024 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये एकुलती एक कोंबडी पाळणाऱ्यालाही सरकारदरबारी नोंदणी करावी लागते, पक्षी घरी आल्यापासून महिनाभरात. पूर्वी ही सक्ती 50 किंवा अधिक पक्षी असणाऱ्यांनाच होती. कायम घरातच राहणाऱ्या पोपटाला माफी आहे. दिवाणखान्यात सोफ्यावर बसणाऱ्या कोंबडीला नाही. कारण बर्ड फ्लू. साथ पसरली की पक्षी छपराखाली कोंडण्याचा हुकूम निघतो. 7 नोव्हेंबर 2022 ला निघालेला असा हुकूम इंग्लंडात 18 एप्रिल 2023 पर्यंत टिकला.

खरी परीक्षा स्वयंपाकघराची. परसातला कोबीचा पाला तोडून थेट कोंबडीपुढे टाकावा, तो कायदेशीर. तोच पाला ओट्यावरून फिरून आला की बेकायदा. हा विनोद नव्हे. 2001 साली नॉर्थम्बरलंडमधल्या एका डुक्करपालन केंद्रात न उकळलेलं उष्टं-खरकटं घातल्याचं निमित्त होऊन लाळ्या-खुरकूत देशभर पसरला आणि 60 लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. तेव्हापासून सरकार खरकट्याला भितं.

सूट एकाच घराला आहे: व्हेगन. लेस्टरमधल्या शुद्ध शाकाहारी मराठी कुटुंबाने इथे छाती फुगवू नये. ज्या ओट्यावर वरणावर तूप वाढलं जातं, त्यावरची भाजीची सालंही बाद. व्हेगन घराने मात्र सालं खुशाल घालावीत. त्या घरात अंडी कोण खाणार, याबद्दल कायदा गप्प आहे.

पालिकेकडून भाजीपाल्यासाठी भाड्याने घेतलेल्या तुकड्यावर 1950 च्या कायद्याने कोंबड्या आणि ससे ठेवता येतात, धंद्यासाठी मात्र नाही. कोंबड्याला तिथे मज्जाव. घरी तो ठेवता येतो. पण कितीदा आरवला म्हणजे फार झालं, याचा आकडा कायद्यात नाही. ते शेजाऱ्याच्या तक्रारीनंतर पालिकेचा अधिकारी ठरवतो. उपद्रव ठरला तर 1990 च्या पर्यावरण कायद्याखाली नोटीस येते. ती टाळण्यासाठी रात्री खुराड्यात मिट्ट अंधार करा, असं पालिका सुचवतात. कोंबडं झाकण्याचा हा सरकारी सल्ला मराठी माणसाला नवा वाटू नये.

चार कोंबड्यांची अंडी दारात विकायला हरकत नाही; फक्त त्यांवर 'अ दर्जा' असं लिहू नये. कोंबडा पाळला असेल, तर पहिली काही डझन विकण्याऐवजी भिंतीपलीकडे फुकट पोचवावीत.