विश्रांती घेण्याची रीतसर पद्धत

विश्रांती घरीही घेता येते असा एक गैरसमज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. रविवारी वरणभातावर तूप-लिंबू झालं की आडवं व्हायचं, तोंडावर पुरवणी घ्यायची आणि चारला चहाच्या आवाजानं उठायचं. ही विश्रांती नव्हे, ही झोप. विश्रांतीला आगाऊ पैसे भरावे लागतात. ती दुपारी दोनला सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला खोली रिकामी करून देते. तिचं शास्त्र आहे. मुळशीच्या बाजूला एका स्पा-रिसॉर्टमध्ये गेल्या जुलैत एक रात्र राहून मी ते शिकून आलो. रिसॉर्टचं नाव सांगत नाही. एक तर त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही, आणि दुसरं म्हणजे त्यांच्या मॅनेजरकडे माझा फोन नंबर आहे.

सुरुवात भाड्यापासून करावी. खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर गेलं की जीएसटी १८ टक्के लागतो, त्यामुळे ७,४९९ असा आकडा दिसला तर तो योगायोग समजू नये. आम्ही मात्र त्या रेषेच्या वर होतो, कारण बायकोनं ‘लेक व्ह्यू’ निवडला होता. एक खोली, दोन नाश्ते, प्रत्येकी साठ मिनिटांचं अभ्यंग आणि प्रत्येकी अर्ध्या तासाच्या पायाच्या मसाजाचं एक कूपन, असं सगळं करासह १७,५०० रुपये. (हे कूपन लक्षात ठेवावं.) दोन ते अकरा म्हणजे एकवीस तास. भागाकार घरीच करून जावा: तासाला ८३३ रुपये. हा आकडा मनात घट्ट धरल्याशिवाय खरी विश्रांती सुरू होत नाही.

पुण्याहून मुळशी चाळीसेक किलोमीटर. शनिवारी पाऊस असेल तर अर्धं पुणं आणि उरलेलं पिंपरी-चिंचवड ताम्हिणीचे धबधबे बघायला निघालेलं असतं. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरात सुरुंग लावून पाडला, तेव्हा तो एका दणक्यात पुरता पडलाही नव्हता. पुढं नवा उड्डाणपूल झाला आणि कोंडी तिथून उठून भूगावला राहायला गेली. या कोंडीचा मनस्ताप करून घेऊ नये. दोनच्या आधीचा वेळ आहे, त्याचे पैसे पडत नाहीत. पौडला थांबून वडापाव खावा, दोन खावेत. पुढं जे मिळणार आहे ते सात्त्विक आहे.

दारात काशाचं एक भांडं वाजवून स्वागत करतात. तो नाद अंगात उतरू द्यायचा असतो. आमच्याकडे जेवायला हाक मारूनही कोणी आलं नाही की आई ताटावर डाव आपटायची, त्या नादाशी त्याचं बरंच साम्य आहे, त्यामुळे मला एकदम भूक लागली. मग मातीच्या बोटभर कुल्हडात गवती चहा येतो आणि चिमट्यानं पकडलेली एक पांढरी, वाफाळती गुंडाळी येते. ती सुरळीची वडी नाही. तो तोंड पुसायचा टॉवेल आहे. माझ्या पुढं उभ्या असलेल्या आजोबांनी याबाबत जी चूक केली ती नातवानं वेळीच हात धरल्यामुळे पूर्ण होऊ शकली नाही.

खोलीत गेल्यावर पहिल्यांदा न्हाणीघर बघावं. ते बघावंच लागतं, कारण खोली आणि न्हाणीघर यांच्यामध्ये काचेची भिंत असते. अशी भिंत कोणी आणि कोणत्या प्रसंगानं सुचवली असेल याचा मी बराच विचार केला. नवीन लग्न झालेल्यांसाठी म्हणावी, तर त्यांना तिची गरज नाही; आमच्यासारख्या सत्तावीस वर्षं झालेल्यांना तर त्याहून नाही. पडदा आहे, पण तो बाहेरून ओढायचा. म्हणजे आतल्यानं आतून हाका मारायच्या, आणि बाहेरच्यानं पडदा ओढायचा म्हणून तिकडं बघायचं.

बादली आणि मग मिळत नाही. हे पुण्यातच लक्षात घेऊन घरचा मग पिशवीत टाकावा. सोबत डाळीच्या पिठाची एक पुडी घ्यावी. का, ते पुढं येईलच.

अभ्यंगाच्या आधी वैद्यबाई तुमची प्रकृती ठरवतात. दोन पानी प्रश्नावली असते. राग लवकर येतो का? (कोण विचारतंय त्यावर.) झोप कशी लागते? पोट साफ होतं का? या शेवटच्या प्रश्नावर मराठी माणूस जितका मनमोकळा बोलतो तितका तो इतर कुठल्याच विषयावर बोलत नाही. माझ्या आधी आत गेलेले गृहस्थ वीस मिनिटं बाहेर आले नाहीत. माझी प्रकृती वात-पित्त निघाली. तिथं बहुतेक सगळ्यांचीच ती निघत असावी. कफ प्रकृतीचे लोक मुळात घरीच पडून असतात, त्यांना इतक्या लांब येण्याचं कारण नाही.

नंतर एक पुडी हातात देऊन ‘चेंज करून घ्या सर’ असं सांगतात. पुडीत कागद म्हणावा की कापड अशा एका पदार्थाची, दोन नाड्यांची वस्तू असते. तिची पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली हे तीवर लिहिलेलं नसतं. शाळेत मल्लखांबासाठी लंगोट कसलेल्यांना काही अंदाज येईल, बाकीच्यांनी देवाचं नाव घ्यावं. जास्त ओढू नये. फाटतं.

तेल लावणारा मुलगा केरळचा होता, पलक्कडकडचा. हात मोठे, स्वभाव हळू. त्यानं आधी पितळी परातीत माझे पाय धुतले. आयुष्यात माझे पाय एकदाच कोणी असे धुतले होते, लग्नात, आणि ते मला महागात पडलं होतं, म्हणून मी जरा सावध झालो. मग लाकडी द्रोणीत पालथं झोपवून कोमट तिळाचं तेल ओतलं आणि विचारलं, “प्रेशर ओके सर?”

या प्रश्नाचं उत्तर तयार करून जावं. मी “चालेल” म्हणालो. चालेल हा शब्द आपण जेवण तिखटजाळ झालं, जावई मनाजोगा मिळाला नाही, गाडी तीन तास उशिरा आली, सगळीकडे वापरतो. पण पलक्कडमध्ये त्याचा अर्थ ‘अजून जोरात’ असा होत असावा. त्यानंतरची दहा मिनिटं माझ्या पोटऱ्यांनी जे भोगलं ते मी शब्दात मांडणार नाही. दुखतंय असं सांगता आलं असतं. पण पैसे भरून घेतलेल्या गोष्टीबद्दल दुखतंय म्हणणं म्हणजे ताटात वाढून घेतलेलं टाकण्यासारखं वाटतं. नरकचतुर्दशीला पहाटे आई तेल चोळायची तेव्हा प्रेशर विचारायची पद्धत नव्हती, रडलं तर पाठीत धपाटा मिळायचा. त्याचे पैसे लागत नसल्यामुळे रडायला मोकळीक होती.

खोलीत घड्याळ नसतं, हे मुद्दाम. वेळ बासरीवरून मोजावी. सीडी एकच असते. तीच तान चौथ्यांदा आली की साठ मिनिटं होत आली असं समजावं. त्या साठातली आठ मिनिटं पाय धुण्यात जातात आणि शेवटची पाच ‘जरा पडून राहा’ या सदरात. वाग्भटानं अष्टांगहृदयात तेल रोज लावायला सांगितलं आहे, त्यातही डोकं, कान आणि तळपाय यांना आवर्जून. रिसॉर्टच्या दरपत्रकात तळपाय कूपनावर होते, डोकं म्हणजे शिरोधारा, तिचा दर वेगळा, आणि कानांचं कोणी नावच काढलं नाही. म्हणजे वाग्भटानं आवर्जून सांगितलेलं सोडून उरलेल्या माणसाला पॅकेजमध्ये तेल लागतं.

आता डाळीचं पीठ. पाव लिटर तेलात भिजलेला गृहस्थ, गुळगुळीत संगमरवरी फरशी, करंगळीएवढी शॅम्पूची बाटली आणि छतातून हळुवार पडणारा ‘रेन शॉवर’, हे गणित बसत नाही. मी काचेच्या भिंतीला धरून उभा राहिलो. बाहेरून तो देखावा कसा दिसत होता ते बायकोनं नंतर तिच्या बहिणीला फोनवर सविस्तर सांगितलं.

शेवटी खोल्या आवरणाऱ्या मावशींनी बादली आणून दिली. कढत पाणी, वर लाल प्लास्टिकचा मग. “स्टाफची हाय काका, कुनाला सांगू नगा.” आंघोळ करून व्हरांड्यात आलो तेव्हा त्या पाठमोऱ्या उभ्या राहून तलावाकडे बघत होत्या. मी आपलं बोलायचं म्हणून म्हणालो, “काय सुंदर दिसतं इथून.” त्या म्हणाल्या, “आमचं गाव त्याच्यातच हाय की. सासऱ्याच्या बापाचं घर. उन्हाळ्यात पानी लई आटलं की जोती दिसत्यात, असं सासरे सांगायचे.” आणि रिकामी बादली घेऊन गेल्या.

१९२१ साली टाटांच्या या धरणाविरुद्ध मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापटांना सेनापती हे नाव मिळालं ते याच लढ्यातून. हे मला शाळेपासून पाठ होतं. लेक व्ह्यूचे दीड हजार जास्त मोजताना आठवलं नव्हतं, इतकंच.

तरणतलावाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. पाऊस पडत होता, त्यामुळे पाणी खालीही होतं आणि वरूनही येत होतं. नायलॉनच्या पोशाखाशिवाय आत सोडत नाहीत. पोशाख तिथंच विकत मिळतो. त्यावरची किंमत मी वाचली आणि काठावर बसून भिजलो, ते फुकट होतं.

खेड्यातल्या शांततेविषयी मात्र स्पष्ट सूचना द्यायला हव्यात. जुलैत मुळशीला शांतता नसते. बेडूक असतात, रातकिडे असतात, पन्हळीतून पाणी ओतत असतं. त्यात शेजारच्या हिरवळीवर हिंजवडीतल्या कुठल्याशा कंपनीची माणसं मंडप घालून एकमेकांच्या जवळ येत होती. हे काम माइकवर चालतं. “टीम ए, आर यू रेडी?” असं एक मुलगी दर दोन मिनिटांनी विचारत होती आणि टीम ए कधीच रेडी नव्हती. व्हरांड्यातल्या लपवलेल्या स्पीकरमधून तीच बासरी येत होती. पंप घरघरत होता. साडेसहाला माझं पायाच्या मसाजाचं कूपन होतं. मी वेताच्या खुर्चीत बसून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत विश्रांती घेत होतो, आणि ती तासाला ८३३ रुपये दरानं संपत चालली होती.

सहा वाजून दहा मिनिटांनी लाइट गेले.

समोरच्या तलावातलं पाणी सह्याद्रीतून बोगद्यानं खाली भिऱ्याला सोडतात, तिथं त्याची वीज होते आणि मुंबईला जाते. मुंबईत त्या क्षणी सगळे दिवे लागलेले असणार याबद्दल मला शंका नाही. इथं मात्र माइक बंद पडला, बासरी अर्ध्या तानेत तुटली, पंप थांबला. मागच्या बाजूला कोणीतरी जनरेटरला शिव्या घालत होतं, तो धाप टाकून पुन्हा बसत होता. मग शिव्याही थांबल्या. बेडकांचा आवाज तेवढा राहिला, आणि बेडूक काही विचारत नाहीत.

याच्या पुढची कृती मला सांगता येणार नाही, कारण मी तिथं नव्हतो. जाग आली तेव्हा अंगावर घरची शाल होती आणि समोर बायको मेणबत्तीच्या उजेडात पाय पसरून बसली होती. साडेसात वाजले होते. मी ताडकन उठलो.

“कूपन!”

“वापरलं,” ती म्हणाली. “तुम्ही घोरत होता. तुमचं नि माझं दोन्ही. पूर्ण तासभर.” तिची पावलं खरोखरच चकाकत होती. “उठवायला आला होता तो मुलगा. मी म्हटलं, राहू दे.”

रात्री उशिरा कधीतरी जनरेटर लागला आणि बासरी तुटली होती तिथूनच पुढं सुरू झाली. सकाळच्या नाश्त्याचं तंत्र सोपं आहे: पोहे, इडली, टोस्ट यांच्याकडे ढुंकून बघू नये, कलिंगड तर मुळीच घेऊ नये, ते पोट अडवून बसतं. कोपऱ्यात चुलीपाशी एक बाई नाचणीची भाकरी थापत असते आणि पाहुणे तिचा व्हिडिओ काढत उभे असतात. व्हिडिओ काढणारे खात नाहीत, त्यामुळे तिथं रांग लागत नाही. मी तीन भाकऱ्या आणि ठेचा खाल्ला. वैद्यबाईंनी पित्ताला वर्ज्य सांगितलेल्या यादीत ठेचा दुसऱ्या क्रमांकावर होता.

निघताना अभिप्रायाचा फॉर्म देतात. तो प्रामाणिकपणे भरावा असं त्यावरच छापलेलं असतं, आणि मी छापलेलं मानतो. ‘आमच्याकडील कोणती गोष्ट आपल्याला सर्वाधिक आवडली?’ या रांगेत मी विचार करून लिहिलं: लाइट गेले ते.

मंगळवारी मॅनेजरचा फोन आला. आवाजात घाम होता. “सर, तुमचा फीडबॅक वाचला. खरंच खूप सॉरी. तुम्ही अगदी सभ्य शब्दात लिहिलंत, पण आम्हाला समजलं सर. मालकांनी कालच नवीन जनरेटर सांगितलाय. ऑटोमॅटिक. आता लाइट गेले तरी पाहुण्यांना कळणारसुद्धा नाही. म्युझिक एक सेकंद बंद पडणार नाही, ही माझी गॅरंटी. पुढच्या वेळी या सर, तीस टक्के डिस्काउंट देतो.”

मी काही बोलायच्या आत शेजारून बायको म्हणाली, “कूपनं दोन देतायत का विचारा.”