श्रोता हमी योजना

महाराष्ट्रात सध्या श्रोत्यांची भीषण टंचाई आहे. राजकीय सभेला माणसं निदान टेम्पोत भरून आणता येतात, वडापाव आणि पाण्याच्या बाटलीवर दोन तास बसवता येतात. पण घरोघरी जे नवे वक्ते निपजले आहेत त्यांनी कुठे जायचं? चाळिशी ओलांडलेला, हातात स्मार्टफोन असलेला आणि आयुष्यात एकदा तरी पहाटे उठलेला प्रत्येक इसम आज मार्गदर्शक झाला आहे. मार्गदर्शन घेणारा मात्र औषधालाही सापडत नाही.

आमचे मेहुणे त्यातलेच. एका बँकेच्या वसुली खात्यात उमेदीची वर्षं काढून त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. तेव्हा ते दारात दिसले की लोक मागच्या दाराने सटकायचे. आता ते मोबाइलच्या पडद्यावर दिसले की लोक अंगठ्याने त्यांना वर ढकलतात. त्यांच्या चॅनेलचा विषय आहे ‘माणसं कशी जोडावीत’.

परवा जेवताना त्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. “दाजी, तुमचा निश काय?”

“डॉक्टरांनी मधुमेह सांगितलाय, बाकी काही नाही.”

“तसं नाही हो. तुम्ही कशातले तज्ज्ञ? लोकांनी तुम्हाला का फॉलो करावं?”

“कशातलाच नाही.”

“मग तर उत्तमच! जाणकार माणूस बोलताना अडखळतो. तुम्ही नुसता तुमचा प्रवास दाखवा. लोकांना प्रवास बघायचा असतो.”

माझा प्रवास स्वारगेट ते कात्रज, तोही बसमध्ये उभ्याने. मी आमटी वाढून घेतली आणि विषय बदलायला जागा शोधू लागलो. पण वसुली खात्यातला माणूस एकदा घरात शिरला की सहजासहजी उठत नसतो.

मेहुण्यांच्या प्रगतीचा पाया पहाटेवर उभा आहे. रॉबिन शर्मांचं ‘द ५ एएम क्लब’ २०१८ साली आलं. पाचला उठायचं, पहिली वीस मिनिटं व्यायाम, पुढची वीस चिंतन, शेवटची वीस अभ्यास. सल्ला वाईट नाही. अडचण एवढीच की पहाटे पाचला अंधार असतो आणि अंधारात चेहऱ्यावरचं तेज कॅमेऱ्यात येत नाही. म्हणून मेहुण्यांची पहाट साडेसातला होते. खिडकीचे पडदे ओढायचे, रिंग लाइट लावायचा, भिंतीवरच्या घड्याळाचे काटे पाचवर आणायचे आणि पांघरुणातून हसत बाहेर यायचं. तिसऱ्या टेकला कुकरची शिट्टी झाली. चौथ्याला खाली भंगारवाला ओरडला. पाचव्याला आमच्या सासूबाईंनी दार लोटून आत बघितलं आणि काळजीने विचारलं, “अरे, अंघोळ करून पुन्हा कशाला झोपलास? बरं नाही का वाटत?” तो टेक लाखांत गेला असता. मेहुण्यांनी तो उडवून टाकला.

खरं तर पहाटेच्या या क्लबाचे जुने सभासद आपल्याकडे भरपूर आहेत. मुंबईचा ससून डॉक १८७५ सालचा. तिथे उजाडायच्या आत मासळीचा लिलाव सुरू असतो आणि आपण कूस बदलतो तोवर कोळणी पाट्या घेऊन बाजाराच्या वाटेला लागलेल्या असतात. दादरचा फुलबाजार, गल्लीतला दूधवाला, पेपर टाकणारी पोरं, कर्जत-कसाऱ्याहून पहिली लोकल पकडणारे चाकरमानी, सगळे पाचच्या आधी उठतात. ‘शिस्तीने माझं आयुष्य कसं बदललं’ यावर यांपैकी कोणी तोंड उघडल्याचं ऐकिवात नाही, कारण ते बदललेलं नाही. नुसतं पहाटे उठून माणूस वर आला असता, तर प्रभात रोडवरचे बंगले पेपर टाकणाऱ्या पोरांच्या नावावर असते.

पहाटेनंतर येतात एकवीस दिवस. ‘कुठलीही सवय २१ दिवसांत लागते’ हे वाक्य मेहुणे देवाच्या नावासारखं घेतात. या वाक्याचा उगम नाकात आहे. मॅक्सवेल माल्ट्झ हे अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन. नाक नीट करून घेतलेल्या पेशंटला आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस जातात, असं त्यांच्या पाहण्यात आलं आणि १९६०च्या ‘सायको-सायबरनेटिक्स’ या पुस्तकात त्यांनी ते लिहिलं. पुढे एकाने दुसऱ्याला सांगता सांगता ‘किमान’ गळलं, वाटेत नाकही कापलं गेलं, आणि २१ दिवस तेवढे शिल्लक राहिले. मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना घेऊन प्रत्यक्ष मोजून पाहिलं. सरासरी आली ६६ दिवस. कोणाला १८ दिवस पुरले, कोणाचा हिशेब २५४पर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हेही त्यात निघालं.

हे सगळं मी मेहुण्यांना सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “दाजी, २५४ दिवसांचं चॅलेंज कोण विकत घेणार? एकवीस दिवस बरे. माणूस कंटाळायच्या आत कोर्स संपतो.”

तिसरा मंत्र टक्केवारीचा. जेम्स क्लिअर यांच्या ‘ॲटॉमिक हॅबिट्स’मध्ये हिशेब आहे की रोज एक टक्का सुधारलात तर वर्षाअखेर तुम्ही ३७ पट चांगले होता. मेहुण्यांना या रस्त्याला लागून दोन वर्षं झाली. त्याच हिशेबाने ते आता चौदाशे पटींच्या वर गेले असणार. चौदाशे पट सुधारलेला माणूस ओला टॉवेल अजूनही पलंगावरच टाकतो, ही वहिनींची तक्रार आहे. चक्रवाढ कागदावर किती देखणी दिसते आणि प्रत्यक्ष दारात गेल्यावर हाती काय लागतं, हे वसुली खात्यातल्या माणसाला मी सांगायची गरज नव्हती. पुस्तकाला दोष देण्यात अर्थ नाही. ते मुळात बारीकसारीक, चारचौघांच्या नजरेतही न येणाऱ्या सवयींबद्दल आहे. पण नजरेत न येणारी सवय मेहुण्यांना परवडणार कशी?

आता श्रोत्यांचा हिशेब. केविन केली नावाच्या अमेरिकन लेखकाने २००८ साली मांडलं की कलावंताला लाखोंची गर्दी लागत नाही, हजार खरे चाहते पुरतात. प्रत्येकाने वर्षाला शंभर डॉलर खर्च केले तरी त्याचं भागतं. यात एक अट दडलेली आहे. चाहत्याने पैसे मोजावेत असं काहीतरी त्या माणसाने दरवर्षी घडवलं पाहिजे. मेहुण्यांनी हजाराचा आकडा उचलला, अट जागेवर ठेवली.

त्यात यूट्यूबचाही उंबरठा हजाराचाच. जाहिरातीच्या पैशात वाटा हवा असेल तर एक हजार सदस्य आणि बारा महिन्यांत चार हजार तास पाहणं, असा त्यांचा नियम २०१८पासून आहे. चार हजार तास म्हणजे कोणीतरी एकाने जेवणखाण आणि झोप सोडून सलग साडेपाच महिने मेहुण्यांचं ऐकणं. जन्मठेपेतही एवढी तरतूद नाही. घरच्यांनी ही जबाबदारी वाटून घेतली आहे. दुपारी सासूबाई मेथी निवडत बसतात, शेजारी तांदळाच्या डब्याला टेकवलेला त्यांचा फोन आवाज बंद करून चालू असतो आणि त्यात मेहुणे ‘ऐकण्याची कला’ या विषयावर मूकपणे हातवारे करत असतात.

बाहेरचे सदस्य मिळवण्याची पद्धत लग्नाच्या आहेरासारखी आहे. तुम्ही मला सबस्क्राइब करा, मी तुम्हाला करतो. कोणी किती दिलं याची वही असते, परतफेड झाली नाही तर रुसवे होतात आणि पाकीट कोणी उघडून बघत नाही. ‘वेळेचं नियोजन’वाले गृहस्थ ‘मनःशांती’वाल्या बाईंचे सदस्य, त्या ‘श्रीमंतीची मानसिकता’वाल्यांच्या, आणि ते आमच्या मेहुण्यांचे. सगळे व्यासपीठावर दाटीवाटीने उभे आहेत आणि खालच्या सतरंजीवर चिटपाखरू नाही.

श्रोते कसे जमवावेत हे या मातीला कोणी शिकवावं? गाडगेबाबा गावात शिरायचे ते खराटा घेऊन. दिवसभर रस्ते, गटारं, देवळाचं आवार झाडायचे. लोक आधी हसायचे, मग थबकायचे, मग त्यांतलेच काही हाताशी यायचे. रात्री त्याच माणसांपुढे कीर्तन. कर्ज काढून सण का करता, देवापुढे बकरं का कापता, पोरांना शाळेत का घालत नाही, असे साधे प्रश्न वऱ्हाडी बोलीत विचारायचे आणि उत्तर समोरच्यांकडूनच वदवून घ्यायचे. आजच्या भाषेत एंगेजमेंट म्हणतात ती हीच, फक्त रात्री उशिरा तिचे आकडे बघत कोणी बसत नव्हतं. लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर-नाशिकला धर्मशाळा उभ्या राहिल्या आणि बाबांकडे चिंध्या आणि गाडगं तेवढं उरलं.

मेहुणे हे ऐकून भारावले. “दाजी, काय ब्रँडिंग आहे! गाडगं म्हणजे लोगोच की हो!” आठवड्याभरात त्यांचा ‘गाडगेबाबांकडून शिकण्यासारख्या सात सवयी’ हा व्हिडिओ आला. त्यासाठी खराटा ऑनलाइन मागवला होता. मुठीवरचं प्लास्टिक तसंच होतं, म्हणजे काम झाल्यावर परत करता येतो. आणि मेहुणे जिथे उभे होते तिथे, त्यांच्या चपलेजवळ, वेफर्सचं रिकामं पाकीट शेवटपर्यंत पडून होतं.

व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार कथाकथनाला गावोगाव गेले, तेव्हा लोक जागा धरून बसायचे. ‘उत्तम कथाकथनाची नऊ सूत्रं’ सांगायला ते गेले नव्हते. त्यांच्याकडे गोष्ट होती. ती कुठून आली? पारावर, एसटीत, कोर्टाच्या व्हरांड्यात इतरांचं बोलणं कान देऊन ऐकण्यातून. ज्याला पुढे बोलायचं आहे त्याने आधी भरपूर ऐकावं, हा व्यवहार आहे. या सगळ्या धंद्याचे आजोबा डेल कार्नेगी, त्यांनीही मित्र कसे जोडावेत यावरच्या १९३६च्या आपल्या पुस्तकात चांगला श्रोता व्हा, समोरच्याला त्याच्याबद्दल बोलू द्या, असंच सांगून ठेवलंय. नातवंडांनी नेमका तोच धडा ऑप्शनला टाकला.

तेव्हा सरकारने यात लक्ष घालावं अशी आमची सूचना आहे. रोजगार हमीचा कायदा याच राज्याने १९७७ साली केला आणि पुढे देशाने तो कित्ता गिरवला. त्याच धर्तीवर श्रोता हमी योजना आणावी. मागेल त्याला पंधरा दिवसांत श्रोते पुरवावेत. मात्र अर्जदाराने आधी तेवढेच तास दुसऱ्याच्या कार्यक्रमात श्रोता म्हणून भरलेले असावेत. त्या वेळी फोन बंद. मान डोलवल्यास हजेरी धरली जाणार नाही, कारण झोपेतही मान डोलते. वक्त्यासोबत सेल्फी घेऊन पहिल्या दहा मिनिटांत निघून जाणाऱ्याचे तास रद्द. शेवटी एक प्रश्न विचारावा लागेल आणि तो प्रश्नच असावा; ‘प्रश्न नाही, पण दोन शब्द बोलायचे आहेत’ असं म्हणून माइक धरणाऱ्यास दंड. खराटा वापरलेला असल्यास प्राधान्य.

मसुदा मी मेहुण्यांना दाखवला. त्यांना तो फारच पटला आणि त्यांनी तो आपल्या सगळ्या ग्रुपवर टाकला. दोन दिवसांत अर्जांचा पाऊस पडला आहे. सगळेच्या सगळे अर्ज मुख्य प्रशिक्षकाच्या पदासाठी आहेत.