वाडीत घोडा बांधलाय, ऐकलंत का?

अहो, ऐकलंत का? आमच्या भावाच्या वाडीत जीप आली. आली म्हणजे स्वतःच्या चाकांवर धावत नव्हे. टेम्पोला दोरखंड बांधून, ओढत. तीही रात्री साडेअकराला, शेजारपाजारच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून. चौलात रात्री गुपचूप आणलेल्या वस्तूची सकाळी सहाच्या आत रेवदंड्याच्या बाजारात चर्चा सुरू होते, एवढं ज्याला वीस वर्षांत उमगलं नाही, तो आमचा भाचा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. फिजिक्स घेऊन!

सकाळी दूधवाला विचारतो कसा, "ताई, रणगाडा घेतलात म्हणे?" मी म्हटलं, माझा काही संबंध नाही. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

तशी मी चौकशी वगैरे करणारी बाई नाही. पण नारळ मागायला म्हणून सहज वाडीत गेले, तो काय बघते! सुपारीच्या झाडांमध्ये चार चिऱ्यांवर एक सांगाडा चढवून ठेवलेला. चाकं नाहीत, सीट नाही, दिवा एकच, तोही तिरळा. आत डोकावले तर पायांखालच्या पत्र्यातून खालची माती दिसली आणि मातीवरून चाललेली गोगलगायसुद्धा. शेजारी भाचा डोक्यापासून पायापर्यंत ऑइलने माखलेला. आरतीला उभं राहिल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "आत्या, महिंद्रा एमएम ५४०. प्युजोचं इंजिन आहे. फोर बाय फोर!"

म्हटलं, "छान. रंग कुठला देणार?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी मयताच्या घरी जेवणाचा मेन्यू विचारला.

बरं, हा एकटाच असता तर म्हटलं असतं ग्रह फिरले. पण साथ आहे हो ही, साथ! नागावच्या बाजूला एकाने जिप्सी आणली आहे, फौजी हिरव्या रंगाची. पलीकडच्या आळीत एक कमांडर उभी आहे. तिच्यात सध्या कोंबड्या अंडी घालतात. पूर्वी पोरं बिघडली की नाक्यावर उभी राहायची, निदान दिसायची तरी. आता बिघडली की गाडीखाली जातात. जेवायला हाक मारली तर नुसते पाय हलतात.

याचं मूळ शोधलंत तर ते मांडव्याच्या जेटीवर सापडेल. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली आणि मुंबईकरांना गाडीसकट समुद्र ओलांडायची सोय झाली. तेव्हापासून शनिवार उजाडला की मांडव्याहून गाड्यांची वरात निघते. त्यात थारच थार. २०१० साली पहिली थार आली तेव्हा कुणी मान वळवून पाहिलं नव्हतं. २०२० मध्ये नवी आली आणि पोरांच्या माना वळल्या त्या अजून सरळ झालेल्या नाहीत. पण नव्या थारला निदान दहा लाखांच्या आसपास मोजावे लागतात, आणि आमच्या पोराचं सगळं भांडवल म्हणजे नागावच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवार पर्यटकांना लाइफ जॅकेटं चढवून मिळालेली मजुरी. मग थार नाही तर थारची आजी! आपल्या देशात जीप १९४७ पासून जुळवली जाऊ लागली, तीही मुंबईतच, विलीजचे सुटे भाग आणून. तेव्हा आज्या-पणज्यांना तोटा नाही.

आता ही आजी शोधायची कशी, तेही ऐका. अगदी स्थळ बघतात तसं. पहिली अट, मुलगी घाटावरची हवी. कोकणातली नको, कारण खारा वारा. किनाऱ्यावरची गाडी वरून तुकतुकीत दिसते, पण चासीच्या पोकळीत मीठ शिरलेलं असतं आणि पत्रा आतून खात येतं. साताऱ्याकडची, कोरड्या हवेतली गाडी चेहऱ्याने रापलेली असेल, पण हाडापेराने मजबूत. दुसरी अट, पावडर-लाली किती लावली आहे ते तपासायचं. गंजलेल्या पत्र्यावर लांबी भरून वर रंग मारला की कुणालाही तरुण दाखवता येतं. त्यावर तोड म्हणजे लोहचुंबक. पत्रा असेल तिथे चिकटतं, लांबी असेल तिथून टपकन पडतं.

आणि हे लोहचुंबक पोराने आणलं कुठून? वहिनीच्या फ्रीजवरून! महाबळेश्वरहून आणलेली ती लाल स्ट्रॉबेरी. वहिनी आठवडाभर मोलकरणीवर संशय घेत होती. इकडे स्ट्रॉबेरी सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याशा गोठ्यात एका जीपच्या अंगावरून फिरत होती. उजव्या दारावर चिकटली, बॉनेटवर चिकटली, मागच्या मडगार्डवरून तीनदा घसरली. तीन वेळा घसरली म्हणून पोराने पंधरा हजार कमी करून घेतले. हे मला त्यानेच सांगितलं, आणि खोटं कशाला बोलू, मला जरा कौतुकच वाटलं. आमच्या लग्नाच्या वेळी कुणी असं चुंबक घेऊन आलं असतं तर!

पण खरा गहजब पुढेच आहे. गणपतीच्या आधी वहिनीने माळ्यावरून मोदकपात्र काढलं, तर झाकणाखाली काय? डिझेलमध्ये भिजत घातलेली चाकाची बेअरिंगं! वरच्या चाळणीवर नट-बोल्ट, साइजप्रमाणे ओळीत मांडलेले. इतकी शिस्त या पोराने वह्या-पुस्तकांत कधी दाखवली नव्हती. शेजारी भावाचा टूथब्रश, ग्रीसने काळाकुट्ट. भाऊ दोन दिवस म्हणत होता, पेस्टची चव बदलली आहे. वहिनीने त्या रात्री जेवण केलं नाही, आणि मोदक त्या वर्षी तळणीचे झाले.

पैशांचं विचारता? एक वही आहे. दोनशे पानी, वर लिहिलंय 'प्रॅक्टिकल : ऑप्टिक्स'. आत भिंग नाही आणि किरण नाही. पहिली ओळ : जीप १,१०,०००, तिघांत. (कॉलेजातले आणखी दोन दिवटे भागीदार आहेत.) दुसरी ओळ : टेम्पो. मग क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, ब्रेकचा मास्टर सिलिंडर, पाट्यांचे बुश, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, कुर्ल्याला जाण्यायेण्याचं भाडं, कुर्ल्याला चुकीचा पार्ट मिळाला म्हणून पुन्हा जाण्यायेण्याचं भाडं. मधे एका ओळीत नुसतं 'वडापाव ३'. जीपची किंमत पहिल्या पानावर आहे. तिचं खाणंपिणं एकोणिसाव्या पानावर पोचलंय.

एक मात्र मानलं पाहिजे. यांना जो मिस्त्री भेटलाय तो शहाणा आहे. बाकीची पोरं काय करतात, आधी छपरावर दिव्यांची पट्टी लावतात, मग हॉर्न, मग स्टिकर, आणि गाडी उतारावर थांबत नाही हे उतारावर कळतं. मिस्त्रीने पहिल्याच दिवशी दम भरला : आधी थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, मग चालली पाहिजे, आणि पैसे उरले तर दिसली पाहिजे. म्हणून आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग इंजिन. पत्रा आणि रंग सर्वांत शेवटी. चांगल्या वळणाच्या घरात सुनेला सांगत नाहीत इतकं स्पष्ट सांगितलं.

कागदांचं तर विचारूच नका. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी पुन्हा करायची, दर पाच वर्षांनी. त्यासाठी फिटनेस, पर्यावरण कर, पेणच्या आरटीओच्या वाऱ्या. एप्रिल २०२२ पर्यंत या नव्या नोंदणीला सहाशे रुपये पडत, मग पाच हजार झाले, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या मोटारीला दहा हजार. म्हातारपण महाग असतं ते असं. त्यात पोरांना टायर हवेत बैलगाडीच्या चाकाएवढे, नाकातून वर गेलेलं धुराडं हवं, पुढे लोखंडी कठडा हवा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्येच सांगून ठेवलंय, की कंपनीने दिलेल्या मूळ रूपात मनाजोगते फेरफार चालणार नाहीत. आणि तो पुढचा कठडा तर केंद्राने डिसेंबर २०१७ पासूनच निषिद्ध ठरवला आहे. मी हे भाच्याला ऐकवलं. तो म्हणाला, "आत्या, तुला एवढं कसं माहीत?" मी विषय बदलला.

आता तुम्ही म्हणाल, काय हे दिवस आले! पूर्वी नव्हतं हो असं. तर बसा जरा, पाणी घ्या. पूर्वीही असंच होतं, आणि याच गावात.

१४६९ च्या सुमाराची गोष्ट. वास्को-द-गामा यायला अजून तीस वर्षं होती. तेव्हा चौलच्या बंदरात एक रशियन व्यापारी उतरला, अफानासी निकितिन नावाचा. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याच्या नावाचा स्तंभ आहे, तोच हा. सोबत काय होतं त्याच्याकडे? एक घोडा! कुणीतरी त्याला सांगितलं होतं की हिंदुस्थानात घोड्याला सोन्याचा भाव येतो. हेही आमच्या पोरांसारखंच, कुणीतरी सांगितलेलं. घोडा जुन्नरपर्यंत आणायला शंभर रूबल गेले, असं त्याने लिहून ठेवलंय. चौलहून पालीला आठ दिवस, तिथून उमरीला दहा, मग जुन्नर. पुढे चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, हेही लिहिलंय. चिखलात जनावर घालायची हौस आजची नव्हे. जुन्नरच्या असदखानाने तो घोडा जप्त केला. एका खोरासानी माणसाने रदबदली केली तेव्हा कुठे सुटला. अखेर बीदरला विकला, तेव्हा वर्षभर खाऊ घालण्यातच अडुसष्ट फनम गेल्याचा हिशेब मांडला. म्हणजे त्याचीही वही होतीच! फक्त वर 'ऑप्टिक्स' लिहिलेलं नव्हतं.

आणि घोड्याला इथे खायला काय घालतात, तेही त्याने टिपून ठेवलंय. खिचडी शिजवतात, साखर आणि तूप घालून! त्या काळच्या चौलातल्या कुणा वहिनीचं पातेलं त्यापायी गेलं असेल, याची मला खात्री आहे.

त्याच निकितिनने आणखी एक गोष्ट लिहिली आणि ती मला फार आवडते. या देशात घोडे निपजत नाहीत, निपजतात ते बैल आणि म्हशी. लोक त्यांच्यावरच बसतात आणि मालही त्यांच्यावरच नेतात. साडेपाचशे वर्षांपूर्वी, चौलला उतरलेल्या परक्या माणसाने हे ओळखलं.

आमच्या पाहुण्यांना मात्र ते २०२४ संपता संपता कळलं. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर कुणी हौशी मुंबईकराने फेरारी उतरवली. लाल भडक, इटालियन! रुतली. जितका ॲक्सिलरेटर दाबला, तितकी चाकांनी स्वतःची कबर खोदली. रुंद, गुळगुळीत टायर, जमिनीला टेकायला आलेलं पोट, आणि खाली आमची काळी, बारीक, ओली वाळू. शेवटी बैलगाडी आणली, दोरखंड बांधला, आणि बैलांनी ती बाहेर काढली. साऱ्या देशाने व्हिडिओ पाहिला. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, वाळूत टेकला की पसरतो. भाचा म्हणतो, हेच टायरला करायचं : वाळूत शिरण्याआधी हवा पंधरा-सोळापर्यंत उतरवायची, म्हणजे टायर बसका होतो आणि ओझं पसरतं, मग चारी चाकांची ताकद लावून, हलक्या पायाने, न थांबता काढायची. म्हटलं, हे कॉलेजात शिकवतात? म्हणाला, "दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. नववीत होतं." आणि वर म्हणाला, "पण आत्या, किनाऱ्यावर गाडी न्यायचीच नाही. बंदी आहे, आणि खाऱ्या पाण्याने चासी पुन्हा खाल्ली तर वही एकोणिसाव्या पानावरून सुरू!" आता हे मूल वाया गेलंय म्हणावं तर पंचाईत, आणि सुधारलंय म्हणावं तर वहिनी मोदकपात्र फेकून मारेल.

दत्ताच्या जत्रेच्या आधी एका सकाळी इंजिन सुरू झालं. आधी खोकला, मग काळा धूर, मग ती खडखड. सगळ्या आळीतली कुत्री वाडीच्या बांधावर जमली. भाऊ मागल्या दारी उभा राहून, पेपर उलटा धरून, वाचत असल्याचं दाखवत होता. वहिनी पदर नाकाला लावून बाहेर आली आणि म्हणाली, "ब्रेक लागतात का?" बघा, मिस्त्रीची शिकवणी आईलाही लागली.

आता शेवटचं. ती वही परवा वहिनीच्या हाती लागली. एकेक ओळ मोठ्याने वाचत होती. सतराव्या पानावर आली आणि थांबली. 'टायर, सेकंडहँड, दोन : आत्याकडून ४,०००. कुणाला सांगायचं नाही.'

अहो, म्हणजे झालं काय, दोन टायर चांगले होते आणि दोन गुळगुळीत. गुळगुळीत टायरवर घाटात जायचं का पोराने? जबाबदारी असते की नाही माणसाची? शिवाय ते उसने आहेत.

तेव्हा मला कुणी विचारलंत तर मी सांगेन, ही पिढी हाताबाहेर गेली, ही खुळं बंद झाली पाहिजेत. फक्त शनिवारी सकाळी विचारायला येऊ नका. भोवाळ्याच्या दत्ताला जाते मी, टेकडीच्या पायथ्यापर्यंत. पुढच्या सीटवर बसून.