हे कशावर चालतं?

भायखळ्याच्या राणीबागेत शिरलेली गर्दी तडक पेंग्विनकडे वळते. १८६२ साली खुल्या झालेल्या या बागेचं खरं वैभव म्हणजे तिची झाडं, हे ठाऊक असलेली थोडी मंडळी एखाद्या रविवारी सकाळी वृक्षफेरीला जमतात. त्यांत एक काका हटकून असतात. खांद्याला शबनम, शबनममध्ये रिकामी पिशवी आणि ओठांवर एकच प्रश्न : ‘‘मॅडम, हे कशावर चालतं?’’

गोरखचिंच मूळची आफ्रिकेची, फुगीर खोडात पाणी साठवून ठेवते, असं मॅडम सांगत असतात. बाकीचे माना वर करून बघतात. काका विचारतात, ‘‘म्हणजे मूतखड्यावर चालत असेल, नाही?’’ कैलासपतीची फुलं थेट खोडावर येतात, फळ फुटलं की दुर्गंधी सुटते, हे ऐकून तर त्यांचा चेहरा खुलतो. वास जितका घाण तितका गुण मोठा, अशी त्यांची पक्की समजूत.

पाला चुरगळून हुंगल्याशिवाय ते पुढे सरकत नाहीत. खोड दिसलं की अंगठ्याचं वाढवलेलं नख सालीत शिरलंच.

‘‘काका, साल काढायची नाही!’’

‘‘छे हो, नुसती बघतोय,’’ म्हणेपर्यंत ढलपी पिशवीत पडलेली असते. घरी तिचा काढा होतो. पहिला घोट काकूंना.

सीताअशोकापाशी त्यांना धरून ठेवावं लागतं. अशोक म्हणून सोसायटीच्या कुंपणाला सरळसोट वाढतो तो आसुपालव. आयुर्वेदातला अशोक म्हणजे हा सीताअशोक. सालीच्या मागणीपायी तो जंगलात विरळ झालाय, असं मॅडम कळवळून सांगतात. काका ‘आयुर्वेद’ शब्दावरच थांबलेले.

‘‘किती ग्रॅम घ्यायची?’’

‘‘स्त्रियांच्या विकारांवर असते ती.’’

‘‘असू दे, घरात असलेली बरी.’’

शेवटी येते ब्रह्मदेशातली उर्वशी. लोंबत्या घोसांतली लाल फुलं, पाकळ्यांच्या टोकांना पिवळे ठिपके. सगळे गप्प होतात.

‘‘ही कशावर?’’

‘‘कशावरच नाही. नुसती सुंदर आहे.’’

‘‘एवढ्या लांबून आणली ती नुसती बघायला?’’ काका हळहळतात.

उर्वशीची अब्रू राखायला मागून कुणीतरी म्हणतं, ‘‘रोज पाच मिनिटं बघितली की बीपी उतरतं म्हणे.’’

काकांनी तत्परतेनं चष्मा पुसला. ‘‘उपाशीपोटी बघायची, की जेवणानंतर?’’