बुवा आणि त्यांचे निरीक्षक

केडगावात कुणालाही ‘काय चाललंय?’ म्हणून विचारा, उत्तर ठरलेलं असतं. नेप्तीच्या मार्केटला जाणारा कांद्याचा भाव सांगतो, एमआयडीसीत जाणारा शिफ्ट सांगतो, म्हातारी माणसं गुडघे सांगतात. आमच्या गल्लीतले निरीक्षक मात्र नुसतं ‘41’ म्हणतात. नवख्याला वाटतं, नगरचा पारा सांगतायत. तो त्यांच्या हॉलमधल्या काचपेटीतल्या, उजव्या कोपऱ्यातल्या सपाट दगडाचा आकडा असतो. ‘डावीकडे 26, आर्द्रता 35 टक्के,’ हेही लगेच येतं. तुम्ही निघायला पाऊल उचललं की मागून ऐकू येतं, ‘आणि आज साफ झालं बरं का, दोन दिवसांनी.’

हे सगळं बुवांबद्दल असतं. बुवा म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन, शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स, मूळ मुलूख ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागातलं कोरडं माळरान. राग आला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगते आणि काळी पडते. ती दाढी पाहून घरातल्या आजींनी पहिल्याच दिवशी ‘बुवा’ नाव ठेवलं आणि निरीक्षकांनी इंटरनेटवर शोधून ठेवलेली नावं वाया गेली. ऑस्ट्रेलिया आपले वन्यजीव बाहेर विकू देत नाही, त्यामुळे जगभर घरांमधून असलेले हे प्राणी पिढ्यान् पिढ्या पेटीतच जन्मलेले. आमच्या बुवांनी ऑस्ट्रेलिया पाहिलेला नाही. निरीक्षकांनीही नाही. तरी दोघांनी मिळून तो केडगावात उभा केलाय आणि त्याचं वीजबिल दर महिन्याला येतं.

निरीक्षक ही जात आता जिल्ह्याच्या गावांतही फोफावली आहे. हौशी माणूस वेगळा. तो पोपट आणतो, मिरची घालतो, विठू विठू म्हणतो आणि कामाला जातो. निरीक्षक आधी तक्ता आणतो, मग प्राणी. आमचे गृहस्थ कारखान्यात क्वालिटीला आहेत, त्यामुळे मुळातच कुठल्याही वस्तूकडे संशयाने बघायची सवय. भट्टीचं तापमान घेतात तसली लाल ठिपक्याची गन त्यांनी घरी घेतली आहे. तिने दगड मोजतात, बुवांची पाठ मोजतात आणि हात शिवशिवला की पाहुण्याचा चहाही मोजतात. ‘58. थोडं थांबा,’ असं सांगून ते पाहुण्यासमोरची बशी मागे ओढतात.

खरी गंमत वैशाखात असते. बाहेर नगरी ऊन, घराच्या भिंती तापलेल्या, म्हणून हॉलमध्ये एसी. एसीने हॉल गार होतो, म्हणून पेटीत दिवा. शिवाय अतिनील-बी किरणांची नळी निराळी, कारण ते किरण मिळाले नाहीत तर अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, खाल्लेलं कॅल्शियम लागत नाही, जबडा मऊ पडतो आणि पाय थरथरायला लागतात. एकदा मी म्हणालो, ‘अहो, मग पेटी खिडकीत ठेवा की, सूर्य फुकट आहे.’ त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. काचेतून ते किरण आत येत नाहीत, आणि उन्हात ठेवलेली काचपेटी थोड्याच वेळात आतल्या प्राण्याला भाजून काढते. हे मला ठाऊक नव्हतं. नळी दिसायला लख्ख पेटत असली तरी तिच्यातले किरण महिन्यागणिक कमी होतात, म्हणून ती सहा ते बारा महिन्यांत बदलावी लागते, हेही नव्हतं. त्यांच्या नळीवर मार्करने तारीख घातलेली आहे. घरातल्या गॅसच्या रबरी नळीवर काही लिहिलेलं मला दिसलं नाही.

वीज गेली की इन्व्हर्टरवर आधी बुवा, मग आजींचा पंखा. आजींची तक्रार नाही. ‘त्याला परदेशात दिलंय, बिचाऱ्याला,’ म्हणतात.

जेवण हा मोठा विषय. लहानपणी बुवा दिवसभर किडेच खात होते; मोठेपणी ताटात बराचसा पाला आणि वर थोडे किडे. पाला कसला, यावर त्या घरात सभा भरते. पालक नको, त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अडकतं. शेवग्याचा पाला चालतो, लाल भोपळा चालतो, जास्वंदीचं फूल तर बुवा आवडीने खातात. त्यामुळे देवासाठी जास्वंद विकत आणावी लागते, दारचं झाड बुवांचं. दूधवाल्याकडून गाईच्या घासाची पेंडी येते तीतली चार पानं धुऊन, पुसून, बारीक चिरून वाटीत जातात. किड्यांचा नियम आणखी कडक: बुवांच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा द्यायचा नाही. गल्लीतल्या पोरांनी ज्वारीतून नाकतोडे धरून आणले, डबा भरून. निरीक्षकांनी हात जोडले. कुणी काय फवारलंय कुणास ठाऊक! पोरं नाकतोडे सोडून देऊन क्रिकेट खेळायला गेली आणि हे घरात क्रिकेट, म्हणजे रातकिडे, पार्सलने मागवत राहिले. एकदा ते पार्सल दौंडकडच्या केडगावला गेलं. दोन दिवस तिथल्या कुणाच्या तरी काउंटरवर एक खोकं किरकिरत बसलं असणार.

जूनच्या तोंडावर आमची मंडळी भंडारदऱ्याला काजवे बघायला गेली, निरीक्षकही सहकुटुंब आले. रात्री सगळे झाडांकडे बघत होते आणि हे प्रत्येकाच्या कॉलरीकडे. परतताना गाडीत बसण्याआधी त्यांनी सगळ्यांचे कपडे झटकायला लावले. मला ते अतीच वाटलं. मग कळलं की काजव्याच्या अंगात विष असतं आणि एकच काजवा गिळला तरी या जातीचा प्राणी दगावू शकतो. त्या रात्री मीही निमूटपणे टोपी झटकली.

सकाळी आठला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो. रेघांच्या वहीच्या कागदावर बुवांचं शौच, शेजारी मापासाठी एक रुपया. पांढरा भाग पांढराशुभ्र असेल तर पाणी पुरेसं, पिवळट-नारिंगी असेल तर कमी. माझ्या हातात त्या वेळी पोहे असतात. तक्रार केली तर म्हणतात, ‘डाउनलोड बंद ठेवा.’

एकदा बुवा सुस्तावले. इथले डॉक्टर गाईम्हशींचे. त्यांनी चष्मा लावून बुवांना नीट पाहिलं आणि सरळ सांगितलं, पुण्यात दाखवा. मग भर मे महिन्यात नगर-पुणे रस्ता, एसी बंद, काचा वर, कारण बुवांना झोत नको. रांजणगावला गणपतीचं दर्शन सगळ्यांनी पाळीपाळीने घेतलं. एक जण कायम बुवांपाशी. पुण्यात निदान झालं: काही नाही, थंडीत हे प्राणी सुस्तावतात, तशी ही उन्हाळ्यातली सुस्ती एसीमुळे असेल, दिवा दोन तास वाढवा. निरीक्षक खूश. मोजायला दोन तास वाढले.

मध्यंतरी गल्लीत उठलं की यांनी घोरपड पाळलीय. हे गंभीर होतं. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ती घरात सापडली तर तुरुंगच. शिवाय यादीतल्या परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम 2024 मध्ये आले, ते त्यांनी तीनदा वाचले. दुसऱ्या दिवशी दाराला लॅमिनेट केलेला तक्ता: डावीकडे घोरपड, उजवीकडे बुवा, मधे फरक. नवरात्रात देवीच्या यात्रेला निघालेली माणसं थांबून तो वाचायची. एका बाईंनी तर दोन्ही चित्रांना नमस्कार केला.

एका सकाळी मात्र मी त्यांना अंगणात पाहिलं. बुवा फरशीवर अंग सपाट पसरून, रंग गडद करून, तोंड उघडं टाकून बसले होते. उष्णता जास्त झाली की असंच तोंड उघडतात. वर घार नको म्हणून निरीक्षक छत्री धरून उभे, अशा बेताने की सावली बुवांवर पडू नये, स्वतःवर तर नाहीच. वही आतच राहिली होती. मी विचारलं, ‘किती?’ तर म्हणाले, ‘कुणास ठाऊक. बरं वाटतंय त्याला.’ दुपारी वजन घेतलं, ते मला कळवलं.

मी या माणसाची पुष्कळ थट्टा केली आहे आणि पुढेही करीन, पण बुवांचा जबडा टणक आहे, शेपटीचं टोक शाबूत आहे आणि डोळे चकचकीत आहेत. ही शेपटी तुटली तर पालीसारखी परत येत नाही, म्हणून तीही तक्त्यात आहे. हे प्राणी नीट सांभाळले तर दहा-बारा वर्षं सहज जगतात. एवढी वर्षं रोज कुणाची तरी वाटी, दिवा आणि शौच बघायची तयारी नसेल, तर पोरांच्या हट्टापायी हा प्राणी घरी आणू नका. कुंपणावरचा आपला सरडा याच कुळातला आहे. तोही मान हलवतो, गळा लाल करतो, आणि बिल पाठवत नाही.