वेणीची टोपी: साहित्य, कृती आणि उसवण

मुंबईत सांताक्रूझला पारा सर्वांत खाली उतरला तो २२ जानेवारी १९६२ रोजी, ७.४ अंशांवर. त्या दिवशी ज्यांच्याकडे लोकरीची टोपी नव्हती त्यांचं चुकलंच. त्यानंतर टोपी विणून वाट पाहत बसलेल्यांना मात्र तशी संधी पुन्हा मिळालेली नाही. आमच्या पुण्यात परिस्थिती थोडी बरी. डिसेंबर-जानेवारीत पंधरा-वीस दिवस असे येतात की सकाळी फिरायला जाणारे ज्येष्ठ नागरिक कानटोपी घालतात आणि दहा वाजता ती खिशात कोंबून उसाचा रस पितात.

तेव्हा टोपी थंडीसाठी विणतात, हा गैरसमज सुरुवातीलाच काढून टाकावा. आपल्याला पिळाची वीण जमते हे चार लोकांना दिसावं म्हणून टोपी विणतात. डोकं ही त्यासाठी निसर्गाने उंचावर करून ठेवलेली सोय आहे.

डोक्याची निवड

स्वतःचं डोकं घेऊ नये. मग कौतुक कोण करणार? नवऱ्याचं घेऊन पाहावं, पण त्याला टोचतं. न विणलेली टोपीसुद्धा टोचते, असा माझा अनुभव आहे. तान्ह्या बाळाचं डोकं सर्वोत्तम, कारण त्याला मत नसतं. पण बाळंतविड्याच्या टोपड्यावर घरातल्या ज्येष्ठ बायकांचा पहिला हक्क असतो आणि त्या रांगेत घुसण्यात शहाणपणा नाही.

उरतो परदेशी राहणारा नातेवाईक. माझ्या नणंदेचा चौदा वर्षांचा मुलगा टोरांटोला असतो. तिथे जानेवारीत शून्याच्या खाली काय चालतं ते मी फोनवर ऐकलं होतं. शिवाय पार्सल पोहोचायला वेळ लागतो, म्हणजे नकार यायलाही लागतो. नणंदेकडून माप मागवलं. “वहिनी, बावीस इंच. पण त्याच्याकडे आहेत हो टोप्या,” असा निरोप आला. निरोपातलं पहिलं वाक्य उतरवून घ्यावं, दुसरं सोडून द्यावं.

साहित्य

लोकर १०० ग्रॅम, आणि ‘असू दे’ म्हणून आणखी ५०. पिळाला लोकर जास्त लागते. सगळी एकदम आणि एकाच लॉटची घ्यावी. दुकानदार “सेम शेड आहे ताई” म्हणतो ते ट्यूबलाइटखाली. उन्हात नेलं की टोपीचा खालचा मजला निळा आणि वरचा जांभळट दिसतो.

आपण जिला लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा अॅक्रिलिक असते आणि तिची मेंढीशी कधी भेट झालेली नसते. खात्री करायची तर एक तुकडा जाळून पाहावा. खरी लोकर जळक्या केसांसारखी वास मारते आणि तिची राख होते; अॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो. हा प्रयोग जेवणाच्या टेबलावर करू नये. आमच्या टेबलावरचा मणी अजून निघालेला नाही.

लोकर लडीत आली तर गुंडा करण्यासाठी समोर दोन हात पसरून बसणारा माणूस लागेल. घरचा कर्ता पुरुष हात वर करून शरण बसलेला एरवी बघायला मिळत नाही. गुंडा सावकाश करावा.

सुया ८ आणि १० नंबरच्या. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. हा जुना ब्रिटिश हिशोब. ते स्वतः मिलिमीटरवर गेले, आपण मात्र तुळशीबागेत अजून त्यांचा शब्द पाळतो आहोत.

शिवाय पिळासाठी एक आखूड तिसरी सुई. ती मिळाली नाही तर अंबाड्याचा आकडा, पेन्सिल किंवा टोक काढलेली उदबत्तीची काडी चालते. उदबत्तीच्या काडीवर विणलेल्या भागाला महिनाभर देवघराचा वास येतो, तो वेगळा आकारू नये.

हिशोब

१० सेंटिमीटरचा चौकोनी नमुना विणून टाके मोजावेत, असं प्रत्येक पुस्तक सांगतं. आमच्या आत्या म्हणायच्या, “नमुने काय विणतेस? अंदाज नाही का तुला?” माझी पहिली टोपी अंदाजाने झाली. ती सध्या टीकोझी म्हणून काम करते आणि चहाला अगदी अंगासरशी बसते.

तेव्हा मोजा. माझ्या हाताला ८ नंबरवर १० सेंटिमीटरला २० टाके येतात. बावीस इंच म्हणजे ५६ सेंटिमीटर. वीण ताणते, म्हणून टोपी चार सेंटिमीटर कमी धरायची: ५२. म्हणजे १०४ टाके. दोन सुलट, दोन उलट अशा बॉर्डरला १०४ टाके बरोबर भागतात, त्यामुळे इथे स्वतःच्या हुशारीचं समाधान वाटतं. ते पुढच्या परिच्छेदापर्यंत टिकतं.

कारण पीळ रुंदी खातो. मोकळे सोडलेले केस पाठभर पसरतात आणि त्यांचीच वेणी घातली की चार बोटं उरते, हे ज्या बाईला ठाऊक आहे तिला वेगळं समजवायला नको. म्हणून १० नंबरवर सहा सेंटिमीटर बॉर्डर झाली की सुया बदलायच्या आणि ८ नंबरवरच्या पहिल्याच ओळीत दर सहा-सात टाक्यांमागे एक असे १६ टाके वाढवायचे. झाले १२०. सहा सुलट टाक्यांची वेणी आणि शेजारी दोन उलट टाक्यांची पन्हळ, असे आठाचे पंधरा भाग पडतात. पन्हळ खाली बसते म्हणून वेणी वर उठून दिसते. हे तत्त्व बऱ्याच कुटुंबांतही लागू पडतं.

टाके मोजताना कुणीही बोलायला येतं. छत्तीस, सदतीस, अडतीस, “अगं, चहा टाकतेस का?”, चाळीस. हा एकोणचाळिसावा टाका मग कधीच सापडत नाही.

कृती

पाच ओळी साध्या: पुढून सहा सुलट, दोन उलट, मागून जसे दिसतील तसे. टाके वाढवलेली ओळ मागच्या बाजूने विणावी आणि ती या पाचांतच धरावी, म्हणजे पीळ नेहमी पुढच्या बाजूने, दर सहा ओळींनी येतो.

पिळाच्या ओळीत वेणीचे पहिले तीन टाके न विणता तिसऱ्या सुईवर घ्यायचे आणि ती सुई पुढे, आपल्या बाजूला लोंबत सोडायची. मागचे तीन टाके आधी सुलट विणायचे. मग लोंबणारे तीन. बस. डावीकडचे टाके उजवीकडे गेले, उजवीकडचे डावीकडे आले, मधे एकही गाठ नाही आणि पाहणाऱ्याला वाटतं बाईंनी कोणती विद्या केली. हे गुपित पाहणाऱ्याला सांगू नये. “फार अवघड असेल ना?” या प्रश्नावर नुसता सुस्कारा टाकावा.

एकच पथ्य. तिसरी सुई पुढे धरली तर पीळ डावीकडे झुकतो, मागे धरली तर उजवीकडे. पुढे म्हणजे पुढे. चार वेळा पीळ, पंधरा वेण्या, म्हणजे साठ वेळा पुढे.

मग टोपीचा माथा. ओळ सोडून ओळ, दोन-दोन टाके एकत्र विणत वेण्या निमुळत्या करायच्या. पंधरा टाके उरले की धागा कापून शिवणाच्या सुईने सगळ्यांतून ओवायचा आणि घट्ट आवळायचा. बाजूची शिवण घालायची. माथ्यावर भोक राहिलंच तर त्यावर गोंडा लावायचा. गोंड्याचा शोध त्यासाठीच लागला असावा.

होणारी चूक

माझी टोपी शिवून झाली, तांब्यावर चढवून मी ती लांबून पाहिली आणि सातव्या वेणीचा तिसरा पीळ उजवीकडे पळताना दिसला. साठांपैकी सदतिसावा. मालिकेत कुणाचं तरी लग्न मोडत होतं आणि माझी सुई मागे गेली होती.

याला उपाय आहे. तेवढ्याच सहा टाक्यांची शिडी पिळापर्यंत खाली सोडायची, पीळ सरळ करायचा आणि क्रोशाच्या सुईने पायरी पायरीने वर यायचं. मात्र माथा आवळण्याआधी. मी माथा आवळला होता, शिवण घातली होती आणि गोंडाही लावला होता. गोंडा लावल्यावर माणसाने मागे वळून पाहू नये.

मनाच्या शांतीसाठी आयर्लंड उपयोगी पडतं. त्याच्या पश्चिम किनाऱ्याजवळ अरन नावाची तीन बेटं आहेत. पिळाचे जाडजूड स्वेटर त्यांच्या नावाने जगभर विकले जातात, आणि सोबत एक गोष्टही विकली जाते: तिथल्या प्रत्येक घराण्याची वीण वेगळी असे, बुडालेला कोळी किनाऱ्याला लागला की विणीवरून ओळखू येई. गोष्ट सुंदर आहे, पण तिला आधार नाही. ते स्वेटरसुद्धा फार पुरातन नाहीत, विसाव्या शतकातले. या गोष्टीचं मूळ बरेच जण जे. एम. सिंज यांच्या ‘रायडर्स टू द सी’ या १९०४ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकात शोधतात. त्यात बहिणी बुडालेल्या भावाला खरोखर ओळखतात, पण घराण्याच्या विणीवरून नाही. मोजा असतो तो, स्वेटरही नाही. विणणारी बहीण टाके मोजते. साठ घातले होते आणि त्यातले चार तिच्या हातून गळले होते. त्या चारांवरून ओळख पटते.

हे वाचल्यावर मी टोपीचं पार्सल केलं.

निगा

कोमट पाण्यात धुवावी, पिळू नये (पीळ आधीच आहे), सपाट वाळवावी. अॅक्रिलिकवर इस्त्री फिरवली की वेणी कायमची झोपते. अॅक्रिलिकला कसर लागत नाही, तरी डांबरगोळी ठेवावी. नाहीतर कपाट उघडल्यावर हिवाळा आला असं वाटत नाही.

परिशिष्ट

फेब्रुवारीत भाच्याचा फोन आला. शाळेतल्या हरवलं-सापडलंच्या खोक्यात दोन निळ्या, वेणीच्या, गोंडेवाल्या टोप्या निघाल्या. एक दुकानातली, एक माझी. तिथल्या बाईंनी विचारलं, तुझी कोणती? “मी सांगितलं, जिची एक वेणी उलटी आहे ती.” म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून दिसलं होतं. “मामी, तू मुद्दाम केलंस ना ते?”

मी नुसता सुस्कारा टाकला.

आता त्याच्या धाकट्या बहिणीला तशीच टोपी हवी आहे, उलट्या वेणीसकट. लाल लोकर एकाच लॉटची आणली. सातव्या वेणीवर खडूने खूण केली, टीव्ही बंद ठेवला, तिसऱ्या पिळाच्या ओळीला चहाची मनाई केली. छत्तिसावा झाला. सदतिसाव्याला तीन टाके तिसऱ्या सुईवर घेतले, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने हात सुई पुढे घेऊन गेला. कळलं ते माथा आवळून झाल्यावर. साठच्या साठ पीळ एका दिशेला, कुठे बोट ठेवायला जागा नाही.

उसवायला घेतली आहे. बरोबर आली म्हणून उसवलेली माझी ही पहिलीच टोपी.