गम दाट होता, थर नव्हता

भाऊ,

तुमचं नाव या पत्रात नाही आणि तुमच्या कारखान्याचंही नाही. ते लिहिलं तर लोक एका माणसाला नावं ठेवतील आणि दोन दिवसांत विसरतील. पत्र तुमचं आहे हे तुम्हाला पुढच्या चार ओळींतच कळेल.

गेल्या माघात आम्ही अकरा जणींनी महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी केळीचे वेफर्स तळले. त्या दिवसांत कोथळीला मुक्ताईपाशी आणि तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवला पाय ठेवायला जागा नसते. आमच्या वर्षाच्या विक्रीचा मोठा वाटा तेवढ्यात होतो. उरलेला माल महामार्गावरच्या दुकानांत जातो. माल गेल्यापासून तिसऱ्या आठवड्यात पहिलं खोकं परत आलं. पाऊचचा वरचा छापील थर सीलपासून सुटून बोटभर उचलला होता, आतली चंदेरी फिल्म सुरकुतली होती, आणि वेफर्स सादळले होते. काही पाकिटं उघडली तर तेल खवट झाल्याचा वास आला. त्यानंतर खोकी येतच राहिली.

हे थर गमने चिकटवून लॅमिनेट करता ते तुम्ही, म्हणून मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, “ताई, गम एकदम दाट होता. मग थर कमी असेलच कसा?”

या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे.

वरण दाट असतं आणि भाकरी जाड असते. आमच्या घरातलं सहा वर्षांचं पोरही या दोन शब्दांत गल्लत करत नाही. डब्यातला गम किती दाट आहे, तो किती सावकाश ओघळतो, ही एक गोष्ट. तो फिल्मवर किती जाडीने बसला, ही दुसरी. पहिलीवरून दुसरी आपोआप ठरत नाही. दाट गम पातळ थरात बसू शकतो, ठिपक्याठिपक्यांनी बसू शकतो, मध्ये कोरडी जागा सोडूनही बसू शकतो. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखायच्या आणि दोन्ही ताब्यात ठेवायच्या, याचीच मजुरी तुम्ही आमच्याकडून घेता.

तुमचं मशीन मी त्यानंतर येऊन पाहिलं. दोन घटकांचा गम वजनाच्या ठरलेल्या प्रमाणात एकत्र होतो आणि पहिल्या दोन रोलरांच्या फटीत उतरतो. ती फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, बरेचदा त्याहून कमी. पुढचा प्रत्येक रोलर आधीच्यापेक्षा जास्त वेगाने फिरतो आणि गमचा पापुद्रा ताणत नेतो. शेवटी तो फिल्मवर बसतो तेव्हा चौरस मीटरला दीड-दोन ग्रॅम उरलेला असतो. जाडीत सांगायचं तर दोन मायक्रॉनच्या आत. माणसाचा केस ७० मायक्रॉन धरला तर त्याचा पस्तिसावा हिस्सा. एवढ्याशा थरावर आमच्या सगळ्या मालाचा भरवसा, आणि तो थर गिऱ्हाइकाला दिसत नाही, दुकानदाराला दिसत नाही, मलाही दिसत नाही. तो फक्त तुम्हाला कळू शकतो, तेही मोजला तरच.

जाडी हा आमचाही धंदा आहे. केळ सोलून थेट कढईवर किसणीने वेफर पाडतो. पातीची फट अर्ध्या केसाने वाढली तरी काप मधे नरम राहतो, कमी झाली तर कडा करपतात. कच्च्या केळ्याचा घड वेगळ्या बागेतला आला की गर बदलतो, मग फट पुन्हा लावतो. रोज सकाळी पहिले मूठभर वेफर्स तळून मोडून बघतो आणि मगच पुढची कढई. हे आम्ही कोणत्या शाळेत शिकलो नाही. माल आपल्या हातून जातो, तेव्हा तो बघायचा, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

आता आमचा रोल झाला ती माघातली सकाळ. आपल्याकडे त्या दिवसांत पहाटेचा गारठा हाडात शिरतो. थंडीने गम ताठरतो, म्हणून रोलर गरम ठेवायचे असतात, चाळीस अंशांच्या आसपास. तुमच्याच पोराने मला सांगितलं की त्या दिवशी घाई होती आणि रोलर तापायच्या आधी मशीन सुरू झालं. गार रोलरवरचा ताठर गम सलग पसरत नाही. तुम्ही डब्यात बघितलंत, गम दाट दिसला, तुमचं समाधान झालं. फिल्मवर काय उतरलं ते बघायला कोणी गेलं नाही.

आणखी एक गोष्ट मला परत आलेल्या पाकिटांतून कळली. ती आम्ही एका ओळीत मांडली आणि छपाईच्या कडेची खूण बघितली. सुटलेली बहुतेक सगळी पाकिटं रोलच्या उजव्या पट्टीतली होती. डाव्या पट्टीतलं पाऊच सोलायला गेलं तर फिल्मच फाटत होती, थर सुटत नव्हता. म्हणजे चांगलं लॅमिनेशन कसं असतं ते त्याच रोलवर, वीतभर अंतरावर होतं. रोलरची फट दोन टोकांना सारखी नव्हती. डावीकडे, मधे आणि उजवीकडे, तीन जागी तुकडा कापून वजन केलं असतं तर पहिल्या पंधरा मिनिटांत हे समजलं असतं.

लोक मला म्हणाले, त्याने गम वाचवला असेल. मी हिशेब करून पाहिला. आमचं १०० ग्रॅमचं पाऊच १८ सेंटिमीटर रुंद आणि २५ उंच. दोन्ही बाजू धरून ०.०९ चौरस मीटर. दोन ग्रॅमऐवजी एक ग्रॅम लावला तर एका पाऊचमागे ०.०९ ग्रॅम वाचतो, हजार पाऊचमागे ९० ग्रॅम. गम किलोला ३०० रुपये धरला तर २७ रुपये. त्या हजार पाऊचमध्ये आमचे १०० किलो वेफर्स असतात. १०० किलो वेफर्सना किती घड सोलावे लागतात, किती तेल जळतं, कढईसमोर किती जणींचे हात भाजतात, हे तुम्ही कधी बघायला या. तुम्ही २७ रुपयांसाठी हे केलं असं मला वाटत नाही. तसं असतं तर निदान तुम्ही काहीतरी मोजलं होतं असं म्हणता आलं असतं. तुम्ही मोजलंच नाही, याचा मला राग आहे.

तक्रारीनंतर वैशाखात तुम्ही दुसरा रोल दिलात आणि म्हणालात, “या वेळी भरपूर लावलाय.” पुन्हा न मोजता. ऊन पंचेचाळीसच्या पुढे गेलं होतं. आदल्या रात्री लॅमिनेट केलेला रोल दुसऱ्या दिवशी कापून, तिसऱ्या दिवशी पाऊच करून आमच्या दारात. अंगठा दाबून ढकलला तर दोन थर एकमेकांवर सरकत होते. पाऊचचं तोंड उघडलं की उग्र वास. ते पाऊच आम्ही भरले नाहीत.

जास्तीचा थर म्हणजे जास्तीची पकड, असं नाही. या गमचे दोन घटक एकमेकांत मुरायला वेळ लागतो. दोन दिवसांपासून आठवडाभरापर्यंत, जसा गम तसा, आणि गम बनवणारा तो वेळ कागदावर लिहून देतो. थर जाड केला तर मुरणं लांबतं आणि फिल्मला भुयारासारख्या सुरकुत्या पडतात. प्रमाण चुकलं किंवा मुरायच्या आत माल भरला तर आणखी वाईट. मागे उरलेला आयसोसायनेट, म्हणजे गमच्या दोन घटकांतला एक, ओलाव्याशी मिळून ॲरोमॅटिक अमाईन तयार करतो, आणि ती फिल्ममधून अन्नात उतरू शकतात. त्यांतली काही कर्करोगाशी जोडलेली आहेत. म्हणून युरोपच्या नियमात अशा अमाईनची प्रत्येकी मर्यादा किलोमागे ०.००२ मिलिग्रॅम इतकी कडक आहे. आपल्याकडे अन्नाच्या वेष्टनाचे नियम २०१८ साली आले आणि वेष्टनातून अन्नात एकूण किती द्रव्य उतरावं याला किलोमागे ६० मिलिग्रॅमची सीमा घातली गेली. आमचे वेफर्स यात्रेत सगळ्यात आधी पोरं मागतात. “भरपूर लावलाय” म्हणताना तुमच्या डोळ्यांपुढे ती पोरं यायला हवी होती.

जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यासाठी तांदलवाडीच्या शेतकऱ्यांनी झटून कागद गोळा केले, माती, पाणी, फळ, सगळ्याची नोंद दाखवली. ज्या फळाची एवढी नोंद आहे ते पाकिटात गेलं की त्याच्याभोवतीच्या थराची एका ओळीचीही नोंद नसावी, हे मला सहन होत नाही.

मोजायला महागडं यंत्र लागत नाही. लॅमिनेट होताच, गम मुरायच्या आत, छपाई नसलेल्या जागेचा १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापायचा, वजन करायचं, थर उलगडून इथाइल ॲसिटेटने गम पुसायचा, वाळवायचा, पुन्हा वजन करायचं. फरक २० मिलिग्रॅम आला तर चौरस मीटरला दोन ग्रॅम. साधा काटा इतकं बारीक धरत नाही, पण मिलिग्रॅम दाखवणारा काटा जळगावच्या सराफ बाजारात जाऊन विचारा. तिथे गुंजभर सोन्यासाठी माणसं काट्यावरचा आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून उभी राहतात. दाटपणाचा अंदाज घ्यायला फोर्ड कप आणि हातातलं घड्याळ पुरतं: कप भरायचा, खालचं भोक उघडायचं, धार तुटेपर्यंत सेकंद मोजायचे. त्याच्या शेजारी गमचं तापमान लिहायचं, कारण तेच बदललं की सेकंद बदलतात. मिसळलेला गम मशीनवर पडून राहिला की दर मिनिटाला दाट होत जातो, म्हणून सकाळचा आकडा दुपारी चालत नाही.

तुमच्याकडे मी तीन गोष्टी मागते. प्रत्येक रोलच्या चिठ्ठीवर डावीकडचं, मधलं आणि उजवीकडचं वजन लिहा. गम कधी मिसळला आणि रोल कधी कापला, तारीख आणि वेळ लिहा. आणि मुरायचा वेळ झाला नसेल तर मला फोनवर सांगा की रोल उद्या मिळेल. यात्रा असली तरी सांगा. रिकाम्या हाताने यात्रेत उभं राहणं मला चालेल, परत आलेली खोकी उघडत बसणं चालणार नाही.

परवाच्या रविवारी मी येणार आहे. सराफाकडून काटा मागून घेतला आहे, १० बाय १०ची लोखंडी चौकट लोहाराकडून नीट कापून घेतली आहे. मशीन सुरू करायच्या आधी रोलर तापवून ठेवा.

तुमची ताई,
मुक्ताईनगर